पाच चमच्यांवरचा सिंह

शुक्र. १८ जानेवारी १९५७, नागभीड

दहा तारखेच्या पानावर मी लिहिलं आहे, "बारांपैकी पाच चमच्यांवर खुणा नाहीत. पाचही बनावट." हे चूक आहे. ते पान फाडणार नाही, खोडणारही नाही. खाली आजची तारीख घालून दुरुस्ती केली ती अशी: पाच चमच्यांवर मला चांदीच्या खरेपणाच्या खुणा दिसल्या नाहीत. मी ते दुपारी चारनंतर ऑफिसच्या उत्तरेच्या खिडकीपाशी पाहिले. उजेड मंद होता, भिंग लहान होतं. आणि "बनावट" हा शब्द माझा. बक्षीसाहेबांनी सुचवला नव्हता.

आज सकाळी चमचे पेटीत भरायला घेतले. मी कारकून आहे ती लाकूड कंपनी आता मुंबईच्या नव्या मालकांची झाली. नदीपलीकडच्या बंगल्यातलं सगळं सामान त्यांना यादीप्रमाणे हवं आहे, त्यातच हे जुन्या इंग्रज साहेबाचे चांदीचे चमचे. पूर्वेच्या दारातून ऊन आडवं आत येत होतं. पाचांतल्या एका चमच्याच्या दांड्यावर, पाठीमागच्या बाजूला, काहीतरी चिकटलेलं दिसलं. किडा वाटला. झटकला, जाईना. भिंग लावलं. मागचा एक पाय आणि पाठीवर वळलेली शेपटी. सिंहाची.



तेवढ्यात मॅनेजर, म्हणजे बक्षीसाहेब, आत आले. "तुमच्या रिपोर्टनं काम सोपं केलं, वत्सलाबाई. खानसाम्याला काल काढला. खोली रिकामी करून घेतली. पाच चमचे विकून त्या जागी खोटे ठेवले, आणि चेहरा किती गरीब."

खानसामा म्हणजे चैतू. बंगल्यावर वीस-बावीस वर्षं. यादी करायला गेले होते तेव्हा त्यानं मला पाटाऐवजी खुर्ची दिली होती आणि स्वतः उन्हात उभा राहिला होता.

मी शेपटीबद्दल बोलले नाही. का नाही बोलले ते लिहायला बसले आहे आणि लिहिता येत नाही.

रवि. २० जाने.

मुंबईहून आलेलं खुणांचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चालता सिंह म्हणजे चांदी खरी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. एक अक्षर सालाचं. राजाचं किंवा राणीचं डोकं, म्हणजे कर भरला. आणि शेवटी दोन अक्षरं कारागिराच्या नावाची. सात चमच्यांवर पाचही खुणा स्पष्ट आहेत, सातही एकाच कारागिराचे, एकाच सालचे. हे सगळं मी दहा तारखेला बरोबर लिहिलं होतं.

पुढे चौथ्या पानावर: फार वापरानं आणि घासण्यानं खुणा झिजून नाहीशा होतात, केवळ खूण नाही म्हणून वस्तू खोटी ठरवू नये.

त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. माझीच रेघ. म्हणजे वाचलं, महत्त्वाचं म्हणून रेघ मारली आणि चार दिवसांनी विसरले. घराण्यातली पहिली मॅट्रिक. ब्रह्मपुरीला मावशीच्या घरी सहा वर्षं राहून, तिची भांडी घासून शिकले, ते याच्यासाठी.

सोम. २१ जाने.

ब. सा. ना, म्हणजे बक्षीसाहेबांना, सांगितलं. म्हटलं, पाचांपैकी एकावर तरी खूण आहे, माझा रिपोर्ट चुकला.

ते हसले. "कागद मुंबईला गेला."

"दुरुस्ती पाठवता येईल."

"येईल की. मग ते विचारतील, पहिला रिपोर्ट कोणत्या शहाण्यानं केला." मग टेबलाच्या खणातून नक्कल काढली. "आणि नुसतं तुमचं नाव नाही यावर. खाली सोनाराचा अंगठा आहे. जाणकाराचा."

"कोणत्या सोनाराचा?"

"तुमच्या वडिलांचा. तुम्हाला घरी बोलले नाहीत?"

निळा अंगठा. बाबांचाच. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा आडवा वण आहे तो शाईत पांढरा उमटलाय. वर लिहिलंय: मजकूर वाचून दाखवला, चमचे पाहिले, मान्य. तारीख १२.

नऊ दिवस या माणसानं माझ्यासमोर बसून भाकरी खाल्ली.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

बाबा भट्टीपुढं बसून कोणाचा तरी तुटलेला गोफ झाळून सांधत होते. मी उभ्याउभ्याच विचारलं.

"तुम्ही ऑफिसात आले होते?"

"आलो होतो. साहेबानं बलावलं."

"चमचे पाहिले?"

"पाह्यले."

"मग?"

"मंग काय. साहेब म्हने, तुमच्या पोरीनं बुकातून पाहून लिवलं, पाच खोटे हायेत. म्या अंगठा देल्ला."

"तुम्हाला काय दिसलं ते विचारते मी."

फुंकायची नळी तोंडातून काढली नाही. दोन फुंका मारल्या, मग म्हणाले, "मले दिसून काय होते वं. तू लिवलं होतं ना."

मी पुन्हा विचारलं. तीनदा विचारलं. तेव्हा गोफ बाजूला ठेवला आणि सांगितलं, अगदी सहज, जसं गिऱ्हाइकाला सांगतात. बारा चमचे एकाच हाताचे. हातात घेतले तेव्हाच समजलं. पाच जास्त झिजलेले, एवढंच. "त्या पाचाईची डावी कड पाह्यली नाई तुनं? तोंडापाशी? साहेब लोक उजव्या हातानं खातेत. चमचा ताटलीले घासते तं एकाच बाजूनं घासते. वीस-तीस वर्सं खाल्ल्याबिगर चांदीची कड अशी जात नाई. नव्या चमच्याले अशी कड कोन आनन?"

"मग बोलले का नाही!"

"तू शिकली म्हनून."

रात्री जेवताना मी ताट सरकवून उठले. आई म्हणाली, काय झालं. काय सांगू.

बुध. २३ जाने.

बाबांशी बोलत नाही. त्यांना ते कळलंही नसावं असं वागतात, त्याचा जास्त राग येतो.

आई: "एक तोंड उघडत नाई, एक अंगठा लपवून जेवते. मी भिताडासंग बोलू का?"

सातवीत होते तेव्हाचं आठवलं. स्टेशनावरच्या पाटीवर गाड्यांची वेळ मी बाबांना वाचून दाखवली आणि वार चुकीचा वाचला. बाबा जन्मापासून नागभीडचे. त्या वाराला ती गाडी नाही हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. तरी कापडात दागिने बांधून सकाळपासून दुपारपर्यंत फलाटावर बसून राहिले. स्टेशनमास्तरांनी हटकलं तर म्हणाले, माझ्या पोरीनं वाचलंय. ती गोष्ट घरात अजून हसून सांगतात. मीही हसत आले.

आज हसू येत नाही. त्यांनी तेव्हा माझी चूक माझ्या तोंडावर मारली असती तर मी दहा तारखेला दोनदा पाहिलं असतं. कदाचित. स्वतःचा दोष त्यांच्यावर ढकलते आहे का? ढकलते आहे. तरी राग खरा आहे.

सकाळी आईच्या हातातलं उलथणं पाहिलं. एकीकडची कड गोल झिजून गेलीय, दुसरीकडची सरळ. हे उलथणं मी जन्मभर पाहते आहे.

रवि. २७ जाने., आरमोरीहून परत

काल सुट्टी होती म्हणून आईला घेऊन निघाले. एकटीला बाबांनी सोडलं नसतं आणि बाबांना मी विचारणार नव्हते. मोटारीनं नदीपर्यंत, डोंग्यातून वैनगंगा ओलांडली, रात्री आरमोरीला आईच्या दुसऱ्या बहिणीकडं. आज पहाटे बैलगाडीनं चैतूच्या गावी जाऊन आले. रानातली दहा-बारा घरं.

चैतूची बायको सुकमी अंगणात होती. तिला आधी कोणीतरी सांगितलं असावं.

"लिवनारी बाई हेच का?"

मी हो म्हटलं.

"बस ना मंग खाटेवर. का चोराच्या घरची खाट चालत नाई?"

आई मटकन खाली जमिनीवरच बसली, म्हणाली, "खाट ऱ्हाऊ दे बाई, माही पोरगी चुकली म्हनून सांगाले आलो." सुकमीनं आईकडं पाहिलं, मग दोघींना पाणी दिलं. मला शेवटी दिलं.

चैतू घराच्या मागून आला. बंगल्यावर पागोटं बांधायचा, इथं नुसतं धोतर. मी त्याला ओळखलं नाही क्षणभर, आणि त्याला ते समजलं.

मी सांगितलं, खुणा आहेत, मला दिसल्या नाहीत, माझी चूक झाली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "नाई जी बाई. तुमी बराबर लिवलं. त्याच्यावर वाघ होता. आता नाई."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मले नाई तं कोनाले?"

मग हळूहळू सांगितलं. सात चमचे हिरव्या कापडाच्या पेटीत, मोठा पाहुणा आला की काढायचे. पाच रोजचे. जुना साहेब रोज जेवणाआधी चमचा तोंडासमोर धरून त्यात स्वतःचं तोंड पाहायचा. दिसलं नाही तर चमचा फेकायचा, चैतूच्या अंगावर. म्हणून चैतू चिंच लावून राखेनं घासायचा. रोज, दोन वेळ. साहेब गेला तरी घासायचं सोडलं नाही.

"पयल्या सालात वाघ चांगला दिसे. मंग रोडावून राह्यला. मंग मांजरावानी. मंग तेबी नाई."

"साहेबाले काऊन नाई सांगितलं?" आईनं विचारलं.

"काय सांगू? तुमचा वाघ म्या राखेनं मारला म्हनू?" सुकमी हसली. आईसुद्धा हसली. मला हसता आलं नाही.

आणि ब. सा. नी त्याला बोलावून विचारलं होतं, या पाच चमच्यांवरच्या खुणा कुठं गेल्या. चैतूनं मान खाली घातली. उत्तर दिलं नाही. ब. सा. नी तीच कबुली धरली.

म्हणजे हा माणूस दहा-पंधरा वर्षं मनात भीत होता की चमचे आपल्या हातून बिघडले, कोणीतरी एक दिवस विचारेल. आणि मी विचारलं. कागदावर.

परत येताना मला नदीपर्यंत कोणावर चिडायचं ते समजत नव्हतं. चैतूवर, की त्यानं मान का घातली. बाबांवर. त्या मेलेल्या की जिवंत साहेबावर. सगळ्यांनी मी लिहिलं ते खरं धरलं, ज्याला स्वतःला ठाऊक होतं त्यानंही. मला कोणी का विचारलं नाही, तू नीट पाहिलं का म्हणून?

आई डोंग्यात म्हणाली, "आता रडू नको. लोक पाहून राह्यले." मी रडत नव्हते, दात आवळून बसले होते. बाहेरून तसंच दिसत असेल.

बुध. ३० जाने.

ब. सा. ना लेखी अर्ज दिला. चमचे पुन्हा तपासण्याची परवानगी मिळावी. अर्ज वाचून काचेच्या गोळ्याखाली दाबला.

"पंधरा तारखेला, शुक्रवारी, नव्या मालकांचे प्रतिनिधी येतायत. चैतूला त्या दिवशी बोलावलंय. कबुली टाईप करून ठेवा. प्रतिनिधींसमोर अंगठा घेऊ आणि कागद पोलिसांत देऊ."

"पोलिसांत कशाला?"

"चोरी आहे, वत्सलाबाई. नव्या लोकांसमोर आपलं घर स्वच्छ दिसलं पाहिजे."

"अर्जाचं काय?"

"कसला अर्ज?" अर्ज समोरच होता, गोळ्याखाली.

मग जाताजाता: "चमचे तुमच्याच ताब्यात आहेत. नीट बांधून ठेवा."

बाहेर आल्यावर शिपाई वामनराव म्हणाले, बंगल्यावर नवा खानसामा गेलासुद्धा. साहेबांच्या बायकोच्या गावचा. मी हे इथं लिहिते आहे पण याचा पुरावा माझ्याजवळ नाही, वामनराव सांगतात एवढंच.

शनि. २ फेब्रुवारी

आज तपासणी केली. लपून केली नाही. दुपारी, दार उघडं ठेवून, माझ्याच टेबलावर, वामनरावांसमोर. ब. सा. डेपोवर गेले होते. ते असते तर केली असती का? माहीत नाही. चमचे माझ्या ताब्यात आहेत, पाहू नका असं कोणी म्हटलेलं नाही. हे वाक्य मी सकाळपासून वीस वेळा मनात म्हटलं. इतक्यांदा म्हणावं लागतं त्या अर्थी त्यात काहीतरी कच्चं आहे.

बाबांना मीच बोलावलं. बारा दिवसांनी पहिलं वाक्य: "बाबा, झिजलेली खूण वर कशी काढतात?" ते काही न बोलता उठले आणि एरंडेलाची पणती, तोलायचा काटा, पातळ कागद घेऊन आले.

पणतीच्या ज्योतीवर दांड्याची पाठ धरायची, काळी होईपर्यंत. मग तळहाताच्या खालच्या गादीनं एकदाच, हलक्यानं पुसायचं. वरची काजळी जाते, खोलगट जागेतली राहते. त्यावर ओलसर कागद दाबायचा. बाबांचा हात त्या वेळी मी पाहिला. माझ्या समोर पुस्तक उघडं होतं आणि मी पुस्तकाकडं पाहत नव्हते.

पहिला: पाय, शेपटी, बिबट्याचा एक कान. दुसरा: सिंह पोटापर्यंत, राणीच्या डोक्याची मागची बाजू. तिसरा: कारागिराचं दुसरं अक्षर, सातांवर आहे तेच, स्वच्छ. चौथा: फार पुसट, पण सालाचं अक्षर आहे. बाबांना अक्षर वाचता येत नाही. त्यांनी कागद फिरवून म्हटलं, "हे त्या पेटीतल्यावर हाये तसंच." बरोबर.

पाचवा: काही नाही.

पुन्हा धरला. काही नाही. तिसऱ्यांदा. कागद कोरा, नुसता धूर.

कड त्याचीही डावीकडंच झिजलेली. इतरांपेक्षा जास्त. काट्यावर पाचांत सगळ्यात हलका तोच. सगळ्यात जास्त घासला गेला म्हणून हलका, की मुळातच हलका? बाबा म्हणतात पहिलं. मी विचारलं, शपथेवर सांगाल? म्हणाले, सांगीन. मी म्हटलं, बारा तारखेलाही अंगठा दिला होता.

ते जवळ सरकले. मग वामनरावांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "थो पाचवा घरी ने एका दुपारी. मी वाघाचे दोन पाय कोरून देतो. पुसट. कोनाच्या बापाले समजत नाई."

 जे खरं होतं ते तोंडातून काढलं नाही, आता खोटं हातानं करायला तयार, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. मी म्हटलं, "तुम्ही घरी जा." लोकांसमोर म्हटलं. बापाला.

ते काटा गुंडाळून गेले. पणती विसरले.

मी यादीत लिहिलं: चार चमच्यांवर खुणा सापडल्या. पाचव्यावर सापडली नाही. कारण सांगता येत नाही.

मंगळ. ५ फेब्रु.

काजळीचे कागद ब. सा. समोर ठेवले. पाचवा कोरा कागदही ठेवला. त्यांनी नेमका तोच उचलला.

"हा?"

"त्यावर आली नाही."

"म्हणजे एक तरी खोटा आहे."

"म्हणजे एकावर खूण दिसत नाही."

"एक चोरला काय, पाच चोरले काय. तुमच्याच कागदानं सिद्ध झालं." कागद माझ्याकडं सरकवले, एका बोटानं, जसं ताटातलं नको ते सरकवतात. "आता नीट ऐका. कबुली टाईप झाली पाहिजे. झाली नसेल तर सोळा तारखेपासून येऊ नका. आणि प्रतिनिधींसमोर भलतं काही बोललात तर खोटा अंगठा दिला म्हणून तुमच्या वडिलांनाही उत्तर द्यावं लागेल. म्हातारपणी पोलीस चौकी. चैतूला सवय होईल, जंगलातला माणूस आहे. त्यांना होईल?"

हे सगळं आवाज न चढवता. मी पण आवाज चढवला नाही. टेबलाची कड धरून उभी राहिले. "जंगलातला माणूस आहे" हे वाक्य ऐकून मी काहीच म्हटलं नाही, याची नोंद करून ठेवते.

शुक्र. ८ फेब्रु.

टंकयंत्रासमोर बसले. "मी, चैतू मडावी, राहणार" एवढं टाईप केलं. पुढं "कबूल करतो की" येतं. बोटं थांबली. ब. सा. काचेतून पाहत होते. मी कागद काढला, घडी करून पोलक्यात ठेवला, नवा कागद लावला आणि लाकडाच्या लठ्ठ्यांची यादी टाईप करू लागले. त्यांना खटखट ऐकू येत होती. समाधान झालं असावं.

हेही फसवणंच. पण यावर आज रागवायला जागा उरली नाही.

पाचव्या चमच्याचा विचार सुटत नाही. समजा तो खरंच दुसरा असला? जुन्या साहेबाच्या काळीच हरवून दुसरा आणला असला? चैतूनंच कधी... हेही लिहून पाहिलं. असेल. मला माहीत नाही. माहीत नसताना दहा तारखेला लिहिलं, त्याचीच ही शिक्षा चालू आहे. आता माहीत नसताना त्याच्या बाजूनं लिहिणार नाही. पण माहीत नसताना त्याचा अंगठाही घेऊ देणार नाही.

रवि. १० फेब्रु.

ब. सा. काय म्हणाले ते बाबांना सांगितलं. चौकीचंही सांगितलं, लपवलं नाही. म्हटलं, तुम्ही नाही आले तरी चालेल, मी एकटी बोलेन.

भट्टीतली राख उकरत बसले. मग: "अंगठा मांगं घ्याचा असन तं दुसरा अंगठा द्याव लागते का?"

"नाही. तोंडानं सांगायचं."

"मंग ठीक हाये. तोंड हाये."

आईनं आतून: "आजवर कुठी होतं थे?"

दुपारी त्यांना बसवून विचारत गेले, प्रतिनिधी विचारतील तसं. चमचे पाहिले का? पाह्यले. काय दिसलं? डावी कड दिसली. बारा एका हाताचे. मग अंगठा का दिला? "पोरीनं लिवलं होतं, पोरगी खोटं लिवत नाई." मी म्हटलं, नाही, मी चुकीचं लिहिलं होतं, तसं म्हणा. ते: "चुकीचं नाई, घाईचं." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच येऊन अडले. पाच वेळा. शेवटी मी ओरडले की वत्सला चुकली एवढे दोन शब्द म्हणायला तुमचं काय जातं.

म्हणाले, "मले थे येत नाई म्हनाले."

शेजारची बाई डोकावून गेली. मी भांडी घासायला घेतली, राख हातात घेतली आणि ठेवून दिली.

संध्याकाळी ते स्वतःहून आले. दारात उभे राहून, पाढा म्हणावा तसं: "वत्सला चुकली. मले दिसत होतं. मी बोललो नाई." आणि लगेच बाजारात निघून गेले.

मंगळ. १२ फेब्रु.

सुकमीला वामनरावांच्या भाच्याहाती निरोप पाठवला होता, तिचं उत्तर आलं. चैतू येणार, त्याला बोलावलं म्हणून. तीही येणार, तिला कोणी बोलावलं नाही म्हणून. आणि मला विचारलं आहे की बाई खरंच बोलणार का पुन्हा लिहिणारच. दोन्ही, असं कळवलं.

माझा कागद तयार झाला. हातानं लिहिला, कंपनीचं टंकयंत्र वापरलं नाही. १० जानेवारीचा माझा रिपोर्ट मी मागे घेते. चार चमचे बाकीच्या सातांसारखेच, पुरावा सोबत. पाचव्याबद्दल मला सांगता येत नाही आणि बक्षीसाहेबांनाही सांगता येत नाही. चैतू मडावी यांना काढण्यास माझ्या चुकीखेरीज आधार नव्हता. खाली पूर्ण नाव. ब. सा. वाक्यात घ्यावेत की नाही यावर दोन दिवस गेले. घेतले.

आज ते दोनदा विचारून गेले, कबुली झाली का. मी म्हटलं, शुक्रवारी टेबलावर कागद असेल. खोटं बोलले नाही.

नोकरी जाईल. बाबांना चौकीत बोलावतील की नुसतं घाबरवलं आहे, ठाऊक नाही. पाचव्या कोऱ्या कागदावर प्रतिनिधी काय म्हणतील तेही नाही.  भीती कोणती आणि संताप कोणता हे आता वेगळं करता येत नाही, आणि करायला वेळही नाही. बाबांनी शुक्रवारी भट्टी पेटवायची नाही असं ठरवलंय, काटा आणि एरंडेल पिशवीत भरून ठेवलंय. प्रतिनिधींना हवं तर त्यांच्याच समोर काजळी धरून दाखवणार म्हणतात.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी १९५७, सकाळी अकरा. प्रतिनिधी खुर्चीत बसल्यावर आणि चैतूचा अंगठा शाईला लागण्याच्या आधी मी हा कागद टेबलावर ठेवून बोलणार.